डोंगरउतारावरील धायटी

पौष सरत आला की सह्याद्रीच्या व सातपुड्याच्या पानझडी रानांतील पानगळीला वेग येतो. उतारांवरील गवत पिवळे पडते, ओढ्यांचे पाणी डोहांपुरते उरते आणि रानाला उदास करडा रंग चढतो. याच सुमारास काटेसावर, पांगारा व पळस हे वृक्ष फुलू लागतात. त्यांच्या फुलांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यही आहे. परंतु त्याच दिवसांत मुरमाड टेकड्यांवर, घाटरस्त्यासाठी कापलेल्या दरडींवर आणि पडीक वरकस जमिनींच्या बांधांवर एका झुडपाच्या लवलेल्या फांद्या टोकापासून बुंध्यापर्यंत लहान लहान तांबड्या फुलांनी भरून जातात. त्याकडे प्रवाशांचे सहसा लक्ष जात नाही. हे झुडूप म्हणजे धायटी होय.

धायटीचा परिचय करून देण्याचे कारण तिच्या शोभेपुरते मर्यादित नाही. अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट, द्राक्षासव, कुमारी आसव यांपैकी एखादी बाटली बहुतेक घरांत केव्हा ना केव्हा आलेली असते. या सर्व औषधांत धायटीची फुले लागतात. आसवे व अरिष्टे यांचा कारखानदारी व्यवसाय आज मोठा आहे. तथापि त्याला लागणारी ही फुले अद्यापही बव्हंशी रानातूनच, हातांनी वेचून आणली जातात. एका बाजूला नित्य वाढती मागणी आणि दुसऱ्या बाजूला कोणीही लावत नसलेले, सरकारी कागदपत्रांत ‘झुडपी वाढ’ या एका शब्दात गुंडाळले जाणारे हे क्षुप, अशी ही स्थिती आहे. ग्रामसभा, शाळा आणि वन व महसूल खात्यांतील क्षेत्रीय कर्मचारी यांना ही वनस्पती नेमकी ओळखता येणे म्हणूनच आवश्यक ठरते.

ओळख कशी पटवावी

धायटीचे शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. लिनियसने १७५९ मध्ये तिचे वर्णन लिथ्रम फ्रुटिकोसम या नावाने केले होते. पुढे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात काम करणाऱ्या कुर्झ या शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये तिला आजचे नाव दिले. ती मेंदीच्या कुळातील आहे. आपल्या राज्याचे पुष्प म्हणून मान मिळालेले ताम्हण याच कुळातले. डाळिंबाचे कूळ पूर्वी वेगळे मानीत असत, परंतु आता त्याचाही समावेश याच कुळात केला जातो. मेंदी, ताम्हण, डाळिंब आणि धायटी ही एकाच घराण्यातील भावंडे आहेत, असे सांगितल्यास विद्यार्थ्यांना प्रथम नवल वाटते. मग डाळिंबाच्या माथ्यावरील मुकुट, ताम्हणाच्या बोंडाखालची चांदणी आणि धायटीच्या फुलाची नळी शेजारी शेजारी ठेवून दाखवावी. पाकळ्या गळून गेल्या तरी फुलाचा बाहेरचा कोश फळाला धरून राहतो, ही या भावंडांतील सारखी खूण मुलांना चटकन दिसून येते.

झुडपाची उंची साधारणतः एक ते तीन मीटर असते. बुंध्यापासूनच अनेक फांद्या फुटतात. त्या लांब, लवचिक व कमानीसारख्या बाहेर झुकलेल्या असतात. साल तांबूस तपकिरी व गुळगुळीत असून तिचे पातळ, तंतुमय पापुद्रे सुटतात. पाने बहुधा समोरासमोर, क्वचित तीन-तीनच्या मंडलात येतात. ती भाल्याच्या पात्यासारखी निमुळती, जवळजवळ बिनदेठाची, पाच ते नऊ सेंटिमीटर लांब असतात. पान उलटून पाहिले असता खालची बाजू करडी, मखमली लागते आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. फुले नसताना धायटी ओळखण्याची ही सर्वांत भरवशाची खूण आहे.

फुलाची रचना थोडी बारकाईने पाहण्यासारखी आहे. आपण जे तांबडे फूल म्हणतो ते वस्तुतः पाकळ्यांचे नसते. फुलाच्या बाहेरच्या आवरणाची, म्हणजे संवर्ताची, सेंटिमीटरभर लांबीची किंचित वाकडी नळी होते आणि तिलाच तो झळझळीत रंग असतो. पाकळ्या सहा, परंतु त्या इतक्या अरुंद व आखूड की नळीच्या दातांमधून त्या शोधाव्या लागतात. केसर बारा असून ते नळीच्या बाहेर लांबवर आलेले असतात. फुले पानांच्या बगलेत लहान झुबक्यांनी येतात. पाने बरीचशी गळून गेलेली असल्याने सारी फांदीच पेटल्यासारखी दिसते. संस्कृत निघंटूंत धातकी या नावाबरोबरच ताम्रपुष्पी, बहुपुष्पी आणि वह्निज्वाला ही नावे येतात. ज्याने ती ठेवली त्याने हे झुडूप रानात फुललेले पाहिले असणार यात शंका वाटत नाही. सुभिक्षा असेही तिचे एक नाव आहे.

नळीच्या तळाशी मध असतो. शिंजीर, चष्मेवाला, बुलबुल असे पक्षी आणि मधमाश्या त्यासाठी दिवसभर झुडपावर येत राहतात, आणि परागीभवन त्यांच्याकडूनच घडते. रानात गुरे राखणारी मुलेही फूल उपटून त्याचे बूड चोखतात. फुलोरा जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, स्थानपरत्वे मागेपुढे, चालतो. त्यानंतर वाळलेल्या नळीच्या आतच लहानसे बोंड धरते. त्यातील बी पुष्कळ असते, परंतु धुळीसारखे बारीक असते.

उतारावरचे स्थान

धायटी ही ओसाडीतील वनस्पती होय. भारतात हिमालयाच्या पायथ्यापासून सुमारे १,५०० मीटर उंचीपर्यंत आणि तेथून दक्षिणेकडे थेट घाटमाथ्यापर्यंत ती आढळते. देशाबाहेर श्रीलंका, नेपाळ, म्यानमार, इंडोनेशिया, मादागास्कर आणि पूर्व आफ्रिका येथवर तिचा प्रसार आहे. महाराष्ट्रात महाबळेश्वरच्या परिसरात, पुणे जिल्ह्यातील भोर व जुन्नरच्या डोंगरांत, अकोले-भंडारदरा भागात, त्र्यंबकच्या रांगांवर, तोरणमाळ व अक्राणीच्या पठारांवर आणि मेळघाटात ती पाहावयास मिळते. घनदाट सावलीच्या सदाहरित रानात मात्र ती आत शिरत नाही. तिला ऊन हवे, निचरा हवा. माती पातळ असली तरी तिची तक्रार नसते.

जंगल तोडले गेले, वणवा लागला, दरड कोसळली किंवा रस्त्यासाठी डोंगर कापला, की उघड्या पडलेल्या जागेवर ज्या वनस्पती प्रथम येतात त्यांपैकी ही एक आहे. बी हलके असल्याने वाऱ्याने सहज पसरते. बुंधा तोडला वा वणव्यात होरपळला तरी पावसाळ्यात त्याला पुन्हा फुटवे येतात. पानांत व सालीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असल्याने अन्य चारा मिळत असेल तेथे गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. चराईने बोडक्या झालेल्या टेकडीवर धायटी तेवढी शिल्लक दिसते त्यामागचे कारण हेच होय. पुष्कळदा ‘येथे धायटीशिवाय काही उगवत नाही’ असे त्या जमिनीविषयी तुच्छतेने बोलले जाते. उलट पाहिले तर येथे धायटी उगवते म्हणून माती जागेवर आहे. तिच्या बुंध्याशी पालापाचोळा अडतो, वाहून येणारी माती साठते, आणि त्या ओलाव्यात पुढे दुसऱ्या झाडांचे बी रुजण्यास आडोसा मिळतो. मृदसंधारणाच्या कामावर असणाऱ्यांनी हे लक्षात घेण्यासारखे आहे.

फूल आणि आंबवण

धायटीच्या फुलांचा खरा मोठा उपयोग आसवारिष्टांत होतो. औषधी द्रव्यांचा काढा करून त्यात गूळ वा साखर घालून जे आंबवतात ते अरिष्ट, आणि न उकळता जे आंबवतात ते आसव, असा स्थूल भेद सांगितला जातो. या दोहोंत आंबवण चालू व्हावी म्हणून जे द्रव्य घालावयाचे ते बहुधा धातकीपुष्प असते. उदाहरणादाखल अशोकारिष्टाचा पाठ घेऊ. त्यात १०० पल अशोकाची साल, २०० पल गूळ आणि १६ पल धायटीची फुले सांगितली आहेत. आयुर्वेदीय योगसंग्रहात धरलेल्या मानाने हे अनुक्रमे ४.८ किलो, ९.६ किलो आणि ७६८ ग्रॅम होतात, आणि उकळून उरवलेला काढा एक द्रोण, म्हणजे सुमारे बारा लिटर असतो. बारा लिटर काढ्यामागे पाऊण किलोहून अधिक वाळलेली फुले लागतात. धायटीचे एकेक फूल वाळल्यावर किती हलके होते हे ज्याने हातात घेऊन पाहिले आहे त्याला या पाऊण किलोमागची वेचणी किती असेल याचा अंदाज करता येईल.

फुले घातल्यानंतर भांड्याचे तोंड बंद करून ते ऊबदार जागी ठेवतात. पूर्वी यासाठी आतून तूप लावलेले मातीचे घडे वापरीत. पुढे सागवानी पिंपे आली व आता पोलादी टाक्याही आल्या आहेत. काही दिवसांत आतून सुरसुर असा आवाज ऐकू येतो. यावेळी पेटती काडी भांड्याच्या तोंडाशी नेली तर विझते, कारण आंबवण्यातून कर्बद्विप्राणिद वायू निघत असतो. तोच वायू चुन्याच्या निवळीत सोडला तर ती दुधाळ होते. आवाज थांबला, काडी विझेनाशी झाली व फुले तळाशी बसली, म्हणजे औषध तयार झाले असे समजतात. रसायनशास्त्राच्या तासाला शिक्षकांना हा प्रयोग साध्या गुळाच्या पाण्यावरही दाखविता येईल. मात्र ते पाणी कोणी पिणार नाही याची दक्षता घ्यावी. अशा रीतीने तयार झालेल्या औषधात साधारण ५ ते १० टक्के मद्यार्क आपोआप निर्माण होतो आणि त्याचा उल्लेख बाटलीवर असतो. हाच मद्यार्क द्रव्यांतील गुण ओढून घेतो व औषध टिकवतो. चूर्ण वा काढा लवकर बिघडतो, अरिष्ट वर्षानुवर्षे राहते, याचे इंगित येथे आहे.

हे सर्व फुलामुळे कसे घडते? जुन्या वैद्यांना अनुभवाने माहीत असलेल्या या गोष्टीचे कारण आता बरेचसे उलगडले आहे. फुलातील मधावर यीस्टच्या, म्हणजे किण्वाच्या, सूक्ष्म पेशी निसर्गतःच वाढतात आणि फुलाबरोबर त्याही भांड्यात येतात. फुले घातली असता साखरेचे विघटन अधिक वेगाने होते व मद्यार्काचे प्रमाण वाढते, असेही प्रयोगांत दिसून आले आहे. फुलांतील तुरट द्रव्ये नको असलेल्या जंतूंना काही अंशी आवर घालतात. या तुरट द्रव्यांपैकी काहींना या झुडपाच्या नावावरून वुडफोर्डिन असेच नाव मिळाले असून जपानी संशोधकांनी त्यांचा विशेष अभ्यास केला. फूल केवळ विरजण नसून औषधाच्या गुणातही त्याचा वाटा असतो, असे मानण्यास त्यामुळे आधार मिळतो.

आज अनेक उत्पादक यीस्ट वेगळे घालतात. मग फुलांची गरज काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे एक उत्तर कायद्यात आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये शास्त्रोक्त आयुर्वेदिक औषध हे मान्य केलेल्या प्रमाणग्रंथांतील पाठानुसार तयार करावे लागते, आणि पाठात धातकी आहे. म्हणजे या फुलाची मागणी केवळ बाजाराच्या लहरीवर अवलंबून नाही. जोवर ही औषधे बनतील तोवर फुले लागतीलच.

चरकसंहितेत धातकीचा उल्लेख संधानीय व पुरीषसंग्रहणीय या गणांत आलेला आहे. येथे संधान याचा अर्थ आंबवण असा नव्हे, तर तुटलेले सांधणे, जखम भरून आणणे असा आहे. दोन्ही अर्थांना शब्द एकच असल्याने पुष्कळांची गल्लत होते. अतिसार, रक्ती आव व रक्तस्राव यांवर सुक्या फुलांचे चूर्ण वैद्य देत आले आहेत. तथापि लहान मुलाला जुलाब होऊन शोष पडत असेल तर मीठ-साखरेचे पाणी सुरू करून त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले पाहिजे. झाडपाल्याच्या भरवशावर तेथे वेळ दवडू नये.

रंग आणि इतर उपयोग

रासायनिक रंग येण्यापूर्वी धायटीच्या फुलांचा लाल रंग कापडासाठी वापरीत, आणि आलाच्या मुळांपासून काढलेल्या रंगाबरोबरही ही फुले घालीत. पाने व कोवळ्या काड्या यांपासून पिवळा रंग मिळतो. मेंदीच्या पानांतील रंगद्रव्य धायटीच्या पानांतही अभ्यासकांना आढळले आहे; कुळाचे नाते येथेही दिसते. पाने व साल कातडी कमावण्यास उपयोगी पडतात. सालीतून डिंकही पाझरतो. लाकूड लहान असल्याने त्याचा उपयोग सरपणाखेरीज फारसा नाही. जावा बेटात ही फुले तेथील देशी औषधांत वापरतात. नैसर्गिक रंगांकडे अलीकडे पुन्हा लक्ष वळले असले तरी धायटीच्या बाबतीत त्याचे प्रमाण औषधी मागणीच्या तुलनेने अल्पच समजले पाहिजे.

नावांचा घोळ

एका वनस्पतीला अनेक नावे असणे ही आपल्याकडे नवलाची बाब नाही. परंतु धायटीच्या बाबतीत हा घोळ संकलकाच्या खिशाला जाऊन भिडतो. सह्याद्रीच्या भागात धायटी, धायती, विदर्भाकडे व हिंदी मुलखाच्या सीमेवर धवई, वैद्यांकडे धातकी आणि औषधी बाजारात धायफूल, अशी तिची नावे आहेत. त्यातच धावडा नावाचा एक वृक्ष आपल्या रानांत सर्वत्र आहे. धावड्याचा डिंक प्रसिद्धच आहे. धावडा आणि धवई ही नावे कागदावर एकमेकांजवळ आली की नोंद चुकते. एकाचा डिंक विकला जातो, दुसऱ्याचे फूल. एक उंच वृक्ष, दुसरे झुडूप. दोन्हींचे कूळही भिन्न. तरीही ही चूक होते.

केंद्र शासनाने २०१३-१४ मध्ये गौण वनोपजांसाठी किमान आधारभूत किमतीची योजना सुरू केली. पुढे तिच्या यादीत अनेक वनोपजांची भर पडली व त्यांत वाळलेल्या धायटीच्या फुलांचाही समावेश झाला. परंतु यादीतील नाव आहे धवईफूल, आणि त्यापुढे दिलेले शास्त्रीय नाव आहे वुडफोर्डिया फ्लोरिबंडा. हे याच वनस्पतीचे जुने नाव होय. पुणे वा नाशिक जिल्ह्यातील एखाद्या ग्रामसेवकाने ही यादी वाचली तर आपल्या गावच्या डोंगरावर जी धायटी आहे तीच ही, हे त्याच्या ध्यानात येण्याचे काही कारण नाही. यादीत नाव असूनही तिचा लाभ मागितला जात नाही याचे एक कारण हे असावे, असे वाटते. जैवविविधता अधिनियम, २००२ खाली प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते व तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. त्या नोंदवहीत स्थानिक नाव, यादीतील नाव व शास्त्रीय नाव ही तिन्ही एका ओळीत लिहून ठेवली तरी पुष्कळ काम होईल. हे काम गावच्या शिक्षकाला चार-दोन विद्यार्थ्यांच्या साहाय्याने एका सुट्टीत करता येण्यासारखे आहे.

वेचणी, हक्क आणि कडता

फुलांचा हंगाम नेमका शेतीची कामे संपल्यानंतर आणि तेंदूपानाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी येतो. डोंगराळ भागातील भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांच्या हाती या दिवसांत रोख पैसा नसतो. त्यामुळे वेचणीचे काम प्रामुख्याने स्त्रिया व मुले करतात, आणि मिळेल त्या भावाला माल देतात. गावात येणारा फडी ओलावा, काडीकचरा व घट यांच्या नावाखाली कडता लावतो. माल नीट वाळवलेला व निवडलेला नसेल तर त्याला तसे करण्यास निमित्तही मिळते. भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशात धातकीपुष्पाची प्रमाणके दिलेली असून त्यांत बाह्य कचरा व राख यांच्या मर्यादाही आहेत. कारखान्याला त्या पाळाव्या लागतात. तेव्हा निवड कोणी तरी करतेच. ती गावातच झाली तर तिचे मोल गावात राहील.

नुकतीच पूर्ण उमललेली, लाल रंगाची फुले हाताने ओरपून घ्यावीत. फार उशीर झाल्यास नळीत बोंड धरलेले असते व मालात फळ मिसळते. फुले सावलीत, हवेशीर जागी, पातळ थरात पसरून वाळवावीत. कडक उन्हाने रंग उडतो. जमिनीवर न टाकता फडक्यावर वा तट्ट्यावर पसरली तर माती येत नाही. ती पूर्ण वाळल्याखेरीज पोत्यांत भरू नयेत, अन्यथा बुरशी धरते.

अनेक ठिकाणी वेळ वाचावा म्हणून फांद्याच कोयत्याने तोडून आणतात व घरी बसून फुले झोडतात. झुडूप पुन्हा फुटते हे खरे, परंतु जाड फांद्या दरवर्षी तुटत राहिल्या की पुढील मोसमात फुलोरा उणावतो. याहून लक्षात न येणारी हानी वेगळीच आहे. वेचलेले प्रत्येक फूल म्हणजे न धरलेले बोंड होय. सगळा उतार दरवर्षी शेवटच्या फुलापर्यंत वेचला गेला तर जुनी झुडपे उभी दिसत राहतात, त्यामुळे काही बिघडले असे कोणास वाटत नाही. मात्र नवी रोपे येणे थांबते. हे कळून येईतो आठ-दहा वर्षे निघून गेलेली असतात. झुडपाची वरची, हात न पोहोचणारी फुले राहू द्यावीत आणि डोंगराचा एखादा भाग पाळीपाळीने न वेचता सोडावा, अशी शिस्त गावानेच घालून घेतली तर हे टळेल.

असे नियम करण्याचा अधिकार आता ग्रामसभेला आहे. अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसंबंधीचा १९९६ चा केंद्रीय कायदा आणि त्यास अनुसरून १९९७ मध्ये राज्याने केलेला गौण वनोत्पादनाच्या मालकीविषयीचा कायदा यांमुळे राज्यातील १३ जिल्ह्यांत पसरलेल्या अनुसूचित क्षेत्रांत या बाबतीत पाया घातला गेला. वनहक्क अधिनियम, २००६ याने वनोपज गोळा करणे, वापरणे व विकणे हा हक्क अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी या दोघांना, अनुसूचित क्षेत्राबाहेरही, दिला. औषधी वनस्पती या व्याख्येत स्पष्टपणे आल्या आहेत. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती देऊ शकते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा व मर्दा या गावांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि बांबूच्या बाबतीत मेंढा-लेखाने पुढे काय केले हे सर्वश्रुत आहे. धायटीच्या फुलाला बांबूइतकी किंमत नाही हे उघड आहे. परंतु मोहफूल, हिरडा, बेहडा यांच्या बरोबरीने तिची एक ओळ गावाच्या व्यवस्थापन आराखड्यात असावयास हरकत नसावी. राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळ आणि २०१८ पासून सुरू झालेली वनधन केंद्रे यांच्याकडे जाताना ग्रामसभेपाशी आपल्या डोंगरावर अंदाजे किती फूल निघते याचा आकडा असला पाहिजे. तो नसेल तर बोलणी पुढे सरकत नाहीत.

साफसफाईची खोड

वृक्षलागवडीचे खड्डे घेण्यापूर्वी जागा साफ करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. अंदाजपत्रकात झुडपे काढण्याची बाब धरलेली असते, मजुरी मिळते, आणि धायटी, करवंद, मुरुडशेंग, निर्गुडी ही सारी मंडळी एकाच कोयत्याखाली येतात. पावसाळ्यात तेथे नव्या रोपाभोवती उघडा मुरूम उरतो. सपाट जागी याने फारसे बिघडत नसेल. तीव्र उतारावर मात्र पहिल्याच जोरदार पावसात खड्ड्यातील माती खाली जाते. ज्या उतारावर धायटी आधीच उभी आहे तेथे तिच्या दोन झुडपांमधील मोकळी जागा पाहून खड्डा घ्यावा आणि झुडूप राखावे. खर्च वाढत नाही, किंबहुना साफसफाईची मजुरी वाचते. कामाच्या मोजमापात मात्र साफ न केलेल्या जागेसाठी रकाना नसतो, ही अडचण क्षेत्रीय कर्मचारी खाजगीत बोलून दाखवितात आणि ती खरी आहे. अंदाजपत्रक करतानाच ती बाब वगळणे हा त्यावरचा साधा उपाय दिसतो.

रोपे कशी करावीत

ज्या गावांत धायटी विरळ झाली आहे तेथे ती लावताही येते. एप्रिल ते जून या काळात बोंडे तपकिरी होऊन फुटण्याच्या बेतात येतात. त्या वेळी काही निरोगी झुडपांवरील वाळलेले झुबके काढून कागदावर वा फडक्यावर सावलीत ठेवावेत. बोंडे फुटून बी खाली पडते. वारा लागला तर सारे उडून जाईल, म्हणून हे काम आडोशाला करावे. बी अतिशय बारीक असल्याने ते कोरड्या वाळूत मिसळूनच पेरावे. चाळलेली माती, वाळू व कुजलेले खत यांचा सपाट वाफा करून त्यावर हे मिश्रण विरळ पसरावे आणि वरून मातीचा थर न देता हाताने हलके दाबावे. जास्त खोल गेलेले बी उगवत नाही. पाणी झारीच्या धारेने दिले तर बी एका कोपऱ्यात वाहून जाते. त्याऐवजी वाफ्यावर ओले गोणपाट धरून किंवा बारीक फवाऱ्याने ओल राखावी. रोपे चिमटीत धरता येण्याइतकी झाली की पिशव्यांत हलवावीत.

मूळवाढीचे संप्रेरक लावून निमजून फांद्यांच्या छाटांपासूनही रोपे करता येतात, परंतु गावच्या रोपवाटिकेस बियांचीच रीत सोपी पडते आणि झुडपांत विविधताही राहते. लागवडीसाठी चांगली जमीन अडवू नये. बांधाची बाहेरची बाजू, दगडी ताली, समतल चरांच्या मातीचा भराव, शाळेच्या आवाराचा उताराकडील कोपरा अशा जागा पुरेशा आहेत. पावसाचा जोर स्थिरावल्यावर पिशवी फाडून मुळाभोवतीचा मातीचा गोळा न फोडता रोप लावावे, आणि पहिली दोन वर्षे त्याभोवतीचे गवत कापून वणव्यापासून राखावे. त्यानंतर तिला पाण्याची वा खताची अपेक्षा नसते.